डांबऱ्याचा दंडवत

विठूकाका बांधावर पालथा पडला होता. उजवा हात खांद्यापर्यंत भोकात, गाल चिखलाला टेकलेला, डोळे मिटलेले. बाजूला डांबऱ्या नाकाला माती लावून बसला होता. भोक त्यानंच हुंगून काढलं होतं.

"काय लागतंय हाताला?" मी विचारलं.

"पानी."

"मंग?"

"मंग काय मंग. चिखल दे. उभी राहून विचारतेस काय, पाटलीन हायस?"

मी चिखलाचे गोळे करून देत गेले, तो आत कोंबत गेला. चौदा-पंधरा गोळे गेले तेव्हा उठला. एक बाजू काळी, एक बाजू माणसाची. डांबऱ्यानं भोकाजवळ जाऊन परत हुंगलं, शेपटी हलवली. मगच काका पुढं निघाला. कुत्र्यानं पास केल्याशिवाय तो निघायचा नाय.

आमचं गाव गडबच्या खाली, धरमतरच्या खाडीला टेकून. खाडी आणि भातशेती यांच्यामधे मातीचा बांध. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणि उंदीर त्या बांधाला भोकं पाडतात. मुठीएवढं भोक उधाणाला सापडलं की दोन भरत्यांत बांध फुटतो, खारं पाणी शेतात शिरतं आणि मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत दाणा होत नाय. म्हणून एका माणसानं रोज बांधावरून चालायचं. तो माणूस विठूकाका. भोकं बुजवायची आणि उघाडी बघायची. उघाडी म्हणजे बांधातली झडप, शेतातलं पाणी खाडीत सोडते आणि खाडीचं आत येऊ देत नाय. बावीस वर्षं तो हेच करत होता आणि बावीस वर्षांत बांध एकदापण फुटला नाय. फुटला नाय म्हणून कुणाला त्याची आठवण पण नाय. एकदा फुटला असता तर पोराटोरांना त्याचं नाव पाठ झालं असतं.

तो मूळचा आमच्या गावचा नाय, खांबकडचा. मिठागरावर कामाला आला, माझ्या आत्याशी लग्न केलं आणि इथंच राहिला. आत्या, काशीबाई, मी सात वर्षांची असताना गेली. मूलबाळ काय नव्हतं. त्यानंतर उघाडीजवळच्या खोपटात तो एकटा, आणि मग कुठनं तरी आलेला डांबऱ्या. रस्त्याचं डांबर सांडावं तसा काळा, म्हणून डांबऱ्या.

मी आठवीत शाळा सोडली. मला एका जागी बसवत नाय, अजून पण नाय. बांधावर बसायला लागत नाय, चालायला लागतं, म्हणून मी काकाच्या मागं फिरायचे. आई म्हणायची, "त्या मुक्याच्या मागं काय फिरतेस गो?" तो मुका नव्हता. त्याला कुणी काय विचारत नव्हतं एवढंच. गावात त्याला कोण काय बोललं की मी जाऊन भांडायचे. त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं भांडायला.

आता पालखीचं सांगते. चैत्रात आमच्या बहिरीदेवाची पालखी निघते. पालखीला खांदा फक्त गावच्या माणसाचा. गावचा म्हणजे गावात जन्मलेला. दारू पिऊन गटारात पडणाऱ्याला खांदा मिळतो, मुंबईत राहून वर्षातून एकदा येणाऱ्याला मिळतो. काकाला नाय. बावीस वर्षं तो पालखीच्या मागून चालत होता, चपला हातात घेऊन, बायकांच्या पण मागं. मी एकदा विचारलं, "तुला वाईट वाटत नाय?" तर बोलला, "मागून चाललं की रस्ता बरा दिसतो." ते खोटं होतं. पालखी खोपटासमोरून जायची तेव्हा तो आपला डावा खांदा उजव्या हातानं चोळायचा. मी बघितलंय.

तर ते चौऱ्याण्णव साल. पालखी बुधवारी होती. बांधाचं ते भोक बुजवलं तो रविवार.

सोमवारी सकाळी भाकरी घेऊन गेले तर डांबऱ्या खोपटाच्या मागं ओकत होता. पिवळं पाणी. मग पातळ हगला. मग परत ओकला.

"खाल्लं असंल कायतरी," काका बोलला. "कुत्रं हाय. गवत खाईल, पडंल बाहेर."

खरं होतं ते. आमच्याकडं कुत्रं आजारी पडत नाय. पडलं तर आपलं आपण बरं होतं, नायतर मरतं. गुरांचा दवाखाना पेणला हाय पण तो गुरांचा. कुत्र्याला दवाखान्यात न्यायचं म्हणजे चिमणीला न्हाव्याकडं न्यायचं. काकानं तांदळाची पेज दिली, मीठ घालून. डांबऱ्यानं चाटली आणि थोड्या वेळानं तशीच परत काढली.

दुपारी गिरजाबाई आली. ही आमच्या शेजारची म्हातारी, गावात कुणाचं पोट बिघडलं की हिच्या दारात. कुड्याच्या सालीचा काढा देते आणि त्यानं माणसाचे जुलाब बंद होतात, हे मी स्वतःवर बघितलंय.

"धर त्याचं तोंड," तिनं मला सांगितलं.

"चावंल मला."

"तू त्याला चावू नको म्हंजे झालं."

मी तोंड धरलं, तिनं बाटलीनं काढा ओतला. अर्धा माझ्या परकरावर. संध्याकाळपर्यंत डांबऱ्याचे जुलाब बंद झाले. एकदम बंद. गिरजाबाई पदराला हात पुसत बोलली, "बघ. डॉक्टर काय वेगळं देतो?" काका हसला. मी पण हसले. बरा झाला असंच आम्हाला वाटलं.

मंगळवारी सकाळी डांबऱ्या खोपटात नव्हता. बांधावर नव्हता. शोधत गेलो तर देवळात. गाभाऱ्यासमोरच्या लादीवर पुढचे दोन पाय लांब पसरलेले, छाती लादीला टेकलेली, मागचा भाग वर, शेपटी खाली, डोकं दोन पायांच्या मधे. समोर बहिरीदेव. आणि भोवती पंधरा-वीस माणसं.

"दंडवत घालतंय," कुणीतरी हळू बोललं.

खरंच तसंच दिसत होतं. मी पण तेच म्हटलं मनात. थोड्या वेळानं तो उठला, दोन पावलं चालला, परत तसाच खाली. परत उठला, परत तसाच. पालखीच्या आदल्या दिवशी कुत्रं देवाला दंडवत घालतंय म्हटल्यावर तासाभरात अख्खं गाव जमलं. बायकांनी त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. कुणी झेंडूचा हार घातला. पेढे ठेवले पुढं, खोबरं ठेवलं. त्यानं एक पेढा तोंडात घेतला आणि सोडला. "प्रसाद आपल्याला ठेवतोय," गिरजाबाई बोलली आणि तो पेढा उचलून तिनं सुनेला दिला. सून बिचारी हातात धरून उभी.

मग हैबतराव आला. हा देवळाचा मुख्य, पालखीचा सगळा कारभार याच्याकडं. तो कुत्र्याकडं बघत उभा राहिला, मग काकाकडं वळला. बावीस वर्षांत तो काकाशी उघाडीच्या फळीबद्दल सोडून काय बोललेला मला आठवत नाय.

"विठोबा," तो बोलला. कधी विठ्या सोडून दुसरं नाव नव्हतं. "उद्या याला पालखीच्या पुढं चालवायचा."

"चालंल का पन तो," काका बोलला.

"तू चालव. तुझं ऐकतो. आनि तू," हैबतराव थांबला, "तू पुढचा डावा खांदा घे. देवानंच जागा दाखवली, आपुन कोन नाय म्हननारे. पांढरी टोपी आन मात्र. बोडक्यानं खांदा नाय चालत."

काकाचा हात डाव्या खांद्यावर गेला, तेवढं मी बघितलं. लोकं त्याच्याकडं बघून हसत होती, चांगलं हसत होती. एकानं बसायला पाट दिला. तो बसला नाय, पण पाटाकडं बघत राहिला.

दुपारी मी त्याला बघितलं बांधावरून गडबच्या नाक्याकडं चाललेला. धुतलेला सदरा, केसांना पाणी लावलेलं.

"टोपी आनायला चालला तुझा काका," देवळाच्या कट्ट्यावरची पोरं बोलली. "आता काय, उद्यापासून आमाला ओळख दाखवंल का नाय कुनास ठाव."

मी डांबऱ्याजवळ बसले. बायका येत होत्या, पाया पडत होत्या. मी पाण्याची वाटी तोंडाजवळ धरली. तो प्यायला. प्यायला म्हणून मला बरं वाटलं. आणि दहा मिनिटांत सगळं पाणी लादीवर बाहेर. मी परकरानं पुसलं. परत पाजलं, परत बाहेर. हार काढला तर गिरजाबाई ओरडली. मी परत घातला नाय, हातात धरून बसले.

काका दिवेलागणीला आला. मी विचारलं, "मिळाली टोपी?"

"नाय," तो बोलला. वाकून त्यानं डांबऱ्याला उचललं, खोपटात नेलं. त्याच्या मागं मागं चार पोरं आली, त्यांना त्यानं परत पाठवलं. मला पण बोलला, "तू जा घरी. उजाडताना ये."

मी गेले पण मला झोप नाय. मला राग आला होता. लोकं पाटावर बसवतात म्हणून हा गप्प, असं माझ्या डोक्यात बसलं. मला सगळी दुनिया कशीपण वागली तरी चालते, काका तसा वागलेला चालत नाय.

बुधवारी उजाडताना गेले तर तो खोपटाबाहेर बसून मिठाच्या गोणीला दोर शिवत होता. दोन्ही बाजूंना दोर, झोळीसारखं. मला वाटलं पालखीपुढं डांबऱ्याला मिरवायची तयारी चाललीय. डांबऱ्या आत पडला होता. मी त्याच्या पोटाला हात लावला, पोट दगड. कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली, खाली बसेना, अंगातलं पाणी संपल्यासारखी. डोळे आत गेलेले.

मग मी काकाला जे बोलले ते इथं सगळं लिहीत नाय. त्यातलं एक लिहिते कारण तेच लागलं असंल. मी बोलले, "तुला खांदा पायजे म्हनून तू ह्याला मारशील. बाहेरचा तो बाहेरचाच राहनार तू. आत्या बरी लवकर गेली."

त्यानं सुई थांबवली. माझ्याकडं बघितलं. मग परत दोन टाके घातले, दोर दातानं तोडला.

"झालं बोलून?" तो बोलला. "मग एक दोर तू धर."

गोणीत डांबऱ्याला घातलं. एक टोक त्याच्या खांद्यावर, एक माझ्या. गावातूनच रस्ता जातो, दुसरा नाय. देवळासमोर पालखी सजत होती. ढोल तापवत होते. आम्हाला बघून लोकं बाजूला झाली, त्यांना वाटलं आम्ही देवळातच आणतोय. आम्ही पुढं निघालो तेव्हा हैबतराव आडवा आला.

"कुठं?"

"पेनला. दवाखान्यात."

"आज?"

"आज."

"अरे परवा हागवन थांबली ना त्याची? गिरजाबाईनं सांगितलं सगळ्यांना. आता काय झालंय त्याला? देवापुढं दंडवत घालतंय जनावर आनि तू त्याला सुई टोचायला नेतोस?"

काकानं गोणीचा दोर दुसऱ्या खांद्यावर घेतला. बावीस वर्षांत तो देवळासमोर एवढं बोलला नव्हता.

"हैबतराव, उघाडी तुंबली की बाहेर पानी येत नाय. म्हनून शेतातलं गेलं असं म्हनता तुमी? आत भरतच असतं. दोन दिस बाहेर काय नाय त्याचं. तुंबलंय. तो दंडवत घालत नाय, त्याचं पोट दुखतंय. थंड लादीला पोट लावतोय."

"म्हंजे आमी सगळे येडे?"

"नाय. मला पन परवा बराच वाटला होता."

"विठ्या," हैबतराव बोलला. विठोबा संपला होता. "आज गेलास तर खांदा पुन्यांदा मागायचा नाय."

"मी कधी मागितला?" काका बोलला, आणि आम्ही निघालो. गिरजाबाई मागून बडबडत होती की देवाच्या दारातून जनावर उठवलं, आता बघा. मी वळून काय बोलणार होते. काकानं दोर ओढला. मी पुढं चालले.

गडबच्या नाक्यापर्यंत तासभर लागला. एस.टी.च्या कंडक्टरनं कुत्रं बघितलं आणि बेल मारली. दुसरी एस.टी. तशीच. तिसरीला मी आडवी गेले तर ड्रायव्हर बोलला, "पोरी, मरायचं असंल तर रेल्वेखाली जा, तिकडं पंचनामा लवकर होतो." शेवटी मिठाचा ट्रक थांबला. मागं मिठाच्या गोण्यांवर आम्ही तिघं. काका पूर्ण रस्ता डांबऱ्याच्या तोंडाशी हात धरून होता, श्वास लागतोय का बघत. मी त्याच्याशी बोलत नव्हते. मला वाटत होतं मी बोलले म्हणून तो उठला, आणि एवढं ऐकल्याशिवाय उठला नाय याचा राग होता.

पेणच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर अंगणातच उभा होता. घाटावरचा तरुण माणूस, बाह्या दुमडलेल्या. त्यानं विचारपूस केली नाय. डांबऱ्याला टेबलावर घेतलं, हिरड्या बघितल्या, पोट दाबलं. डांबऱ्या ओरडला पण नाय, नुसता थरथरला.

"मोरू, सलाइन लाव," त्यानं मलमपट्टी करणाऱ्या माणसाला सांगितलं. मग आम्हाला, "पोट उघडावं लागेल. गाई-म्हशींची उघडलीत मी. कुत्र्याचं कॉलेजात एकदाच केलंय. जगेल असं सांगत नाही. न उघडता मात्र नक्की जाईल."

"उघडा," काका बोलला.

"तुम्ही बाहेर थांबा. बाटली धरायला ही चालेल. चक्कर येते का तुला?"

"नाय," मी बोलले. आली होती, पण नंतर.

डांबऱ्याला भूल दिली, मी सलाइनची बाटली वर धरून उभी राहिले. हात भरून आला की दुसऱ्या हातात. डॉक्टर कापताना बोलत होता, बहुतेक स्वतःला धीर म्हणून. "कुत्र्याला एखादा दिवस उलटी झाली, जुलाब झाले, आणि तरी ते शेपूट हलवतंय, पाणी पोटात ठरतंय, तर घाबरायचं नाही. एक वेळ उपाशी ठेवायचं, मग पेज द्यायची. पण पाणीसुद्धा ठरत नाही, पोट घट्ट, काहीच बाहेर येत नाही, आणि असं पुढून वाकून मागून वर उभं राहतंय, तर एक दिवसही थांबायचं नाही. तो काही दंडवत नसतो."

मला वाटलं, याला दंडवताचं कुणी सांगितलं. मग वाटलं, काकानं सांगितलं असंल, टेबलावर घेताना. मोरूनं मला डोळ्यानं खुणावलं, बाटली वर धर.

मग डॉक्टरनं आतड्यातून एक दोरा ओढायला सुरुवात केली. एकदम ओढला नाय. इथं थोडं कापलं, तिथं थोडं, तुकड्यातुकड्यानं काढला. आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा झालं होतं, परकराच्या नाडीवर होतं तसं. निळा नायलॉनचा दोरा. शेवटच्या टोकाला वाम माशाच्या काट्याचा तुकडा, आणि त्याला गाठ. दुहेरी वेढा घेऊन आतून काढलेली गाठ.

ती गाठ माझी होती.

मी चिंबोऱ्या पकडते. फग सोडून. फग म्हणजे लोखंडी कडीला जाळी, मधोमध वामीचा तुकडा बांधायचा, पाण्यात सोडायचा, चिंबोरी खायला बसली की वर ओढायचा. आमिष सुटू नये म्हणून मी त्याला निळ्या दोऱ्यानं करकचून बांधते, दुसरं कोणी तसं बांधत नाय. काम झालं की उरलेलं आमिष कापून खाडीत टाकायचं आणि दोरा घरी न्यायचा, हे आमच्यात शेंबडं पोर पण जाणतं. रविवारी मला घाई होती. पेणला जत्रेच्या बांगड्या घ्यायला जायचं होतं. मी फग तसाच बांधावर फेकला होता, आमिषासकट. दिवसभर उन्हात. कुत्रं सोडणार होतं काय ते.

बाटली खाली आली माझ्या हातातली. मोरूनं वर केली.

दोन तास लागले. डॉक्टर बाहेर आला तेव्हा काका पिंपळाखाली उभाच होता, बसला नव्हता. डॉक्टरनं दोरा कागदावर ठेवून त्याला दाखवला. काकानं बघितला. मी काकाकडं बघत होते. तोंड उघडायचं होतं मला. सगळ्या जगाला तोंडावर बोलणारी मी, तिथं परकराला हात पुसत राहिले.

"खाडीत असले लय दोरे असतात," काका बोलला आणि कागद दुमडून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

डांबऱ्याला तीन दिवस दवाखान्यात ठेवला. काका तिथंच, गुरं बांधतात त्या पडवीत झोपला. बांध बघायला मी परत आले. पुनवेचं उधाण होतं, आणि भोक हुंगायला कुत्रं नव्हतं. मी पालथी पडून एक एक भोक हातानं शोधलं. तीन सापडली. पालखी होऊन गेली होती. पुढचा डावा खांदा मुंबईच्या एका माणसाला दिला होता.

डांबऱ्या जगला. पोटावर लांब रेघ, तिथं केस परत आले नायत. गावात बरेच दिवस म्हणत होते की पोट फाडलं आणि भक्ती निघून गेली, कारण तो नंतर देवळात फिरकला पण नाय. गिरजाबाई त्याला बघून तोंड फिरवायची. मग पावसाळ्यात तिच्या सुनेचं बोकड ओकायला लागलं तेव्हा ती काकाच्या खोपटासमोरून तीनदा गेली. चौथ्यांदा काकाच बाहेर आला. त्यानं बोकडाची कातडी चिमटीत धरून सोडली. लगेच खाली बसली.

"पेज द्या," तो बोलला. "उद्या परत बघू. पानी नाय ठरलं तर पेनला."

तेव्हापासून गावात कुणाचं जनावर बिघडलं की काका चिमटी काढून बघतो. पानी ठरतंय का, विचारतो. बाहेर पडतंय का, विचारतो. कुणी डॉक्टर म्हणून चिडवलं तर म्हणतो, "मी उघाडीवाला. वाहतंय का तुंबलंय, एवढंच बघतो." खांद्याचं कुणी काढलं नाय. पालखी येते तेव्हा तो मागून चालतो, चपला हातात. मी त्याच्या बरोबरीनं चालते आता, बायकांच्यात जात नाय. त्याबद्दल पण बोलतात.

गाठीचं मी त्याला सांगितलं नाय. रोज सांगायचं ठरवायचे. फग मात्र परत कधी आमिषासकट टाकला नाय. आणि एक फुशारकी मी चार वर्षं मारत फिरले. काकाला मी उठवला, माझी बोलणी खाऊन तो गावाच्या विरुद्ध गेला, असं मी आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. काका समोर असला तरी सांगायचे. तो कधी नाय म्हणाला नाय.

यंदा मार्चमधे शेळी घेऊन पेणला गेले तर दवाखान्यात डॉक्टर नवीन होता. मोरू जुनाच. त्यानं मला ओळखलं. चहा सांगितला. बोलता बोलता त्यानं डांबऱ्याची गोष्ट काढली, आणि असं बोलला की मला सगळं ठाऊकच असणार.

त्या मंगळवारी दुपारी विठूकाका पेणच्या दवाखान्यात आला होता. दाराला कुलूप होतं, कारण दर मंगळवारी डॉक्टर आणि मोरू रोह्याला गुरांच्या कॅम्पला असायचे. काका तसाच एस.टी.नं रोह्याला गेला. तिथं गाईंच्या रांगेत उभा राहिला, गाय नसताना. नंबर आल्यावर त्यानं डॉक्टरला उभं राहायची ती तऱ्हा स्वतः वाकून करून दाखवली, लोकं हसली तरी. सकाळी बांधावर पडलेला फग बघितला होता, आमिष नव्हतं, दोरा दातानं तुटलेला होता, हे सगळं सांगितलं. डॉक्टर बोलला, उद्या सकाळी पेणला आणा, काय पण करून आणा, मी थांबतो. मग त्यानं चिठ्ठीवर लिहिताना विचारलं, फग कुणाचा?

"माझा," काका बोलला.